नाक लावलं, हात लावला, मग डोकं का नाही?

हरसूलहून तुमची ताई बोलतेय. बचत गटांच्या बैठका घेत मी पाड्यापाड्यांवर फिरते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या की शेवटी थोडा वेळ गप्पांचा असतो. कधीकधी त्या गप्पांतच खरा विषय निघतो.

मागच्या पावसाळ्यात आवणी उरकल्यावरची बैठक होती. एका मावशीने मोबाइल पुढे केला. त्यात चित्र होतं, एका माणसाचं डोकं काढून दुसऱ्याच्या धडावर बसवतायत. मावशी म्हणाल्या, "ताई, हे खरं का हो? डोकं बदलता येतं?" लगेच दुसरी म्हणाली, "मग नवरा कोणता धरायचा? डोक्याचा का धडाचा?" सगळ्या पोट धरून हसल्या.

मला काही हसू आलं नाही. एक तर मला उत्तर माहीत नव्हतं. दुसरं कारण आमच्या घरातलं आहे, ते पुढे सांगते. त्या दिवशी मावशींना म्हटलं, वाचून सांगते. वाचता वाचता मी दोनशे वर्षं मागे गेले. आजची गोष्ट तिथूनच सुरू करते.

आधी शब्द समजून घेऊ. एका जागचा अवयव काढून दुसरीकडे लावणं, याला प्रत्यारोपण म्हणतात. शब्द अवघड आहे, काम आपल्या ओळखीचं. राबातलं रोप उपटायचं आणि खाचरात लावायचं. मूळ शाबूत असलं, लावायला उशीर झाला नाही, खाचरात पाणी असलं, तर रोप धरतं. नाहीतर पिवळं पडतं. अवयवाचंही तसंच. काढायचा, लावायचा, आणि धरतो का ते बघायचं.

आता गोष्ट. साल १७९२. म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांच्या फौजेचं सामान बैलांवरून जायचं आणि बैल हाकायला आपल्याकडची माणसं असायची. त्यांत कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला.

नाक कापणं ही त्या काळची शिक्षा होती. चोराला, कैद्याला, आणि नवऱ्याला संशय आला तर बाईलाही. "नाक कापलं" असं आपण अब्रू गेली या अर्थाने सहज बोलतो. पण ते कुणाच्या तरी तोंडावर खरोखर घडलेलं आहे.

कावसजी वर्षभर नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा कारागीर विटा पाडणाऱ्या जातीतला, कुंभारकाम करणारा माणूस. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया उभं राहून पाहिली.

कशी केली, तेही लिहून ठेवलेलं आहे. कारागिराने मेणाचं नाक केलं आणि जागेवर धरून माप घेतलं. ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं आणि कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली. पूर्ण कापली नाही, दोन डोळ्यांच्या मधे थोडी चिकटलेली ठेवली. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. चिकटवायला काय वापरलं असेल? काथ! आपल्या खैराचा, पानात घालतात तो काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावला. चार दिवस त्याला हात लावला नाही. मग तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधला तो कातडीचा सांधा कापला. नाक धरलं होतं.

जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ही सगळी हकिकत छापून आली. ती वाचून तिथल्या जोसेफ कार्प्यू नावाच्या डॉक्टरने अभ्यास केला आणि १८१४मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीचं नाक करायच्या या रीतीला आजही जगभर भारतीय रीत म्हणतात. त्याहून फार जुन्या सुश्रुताच्या ग्रंथातही नाक जोडायची रीत दिलेली आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. डॉक्टरांची नावं राहिली, चित्रकाराचं राहिलं. ज्याच्या हातांनी ते केलं, त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. गावोगावच्या सुईणींचं झालं, तसंच त्याचं झालं.

आता बघा, कावसजीला नाक मिळालं. तुटलेला हात नाही मिळाला. का? कारण नाक त्याच्याच कातडीचं होतं. डोळ्यांमधल्या त्या सांध्यातून कातडीला रक्त मिळत राहिलं. हात आणायचा तर दुसऱ्या माणसाचा. तिथे दोन कुलपं होती. पहिलं, तुटलेल्या रक्तवाहिन्या जोडायच्या कशा? दुसरं, परक्याचा अवयव शरीर ठेवून घेईल का?

पहिलं कुलूप उघडायला एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मदत झाली. १८९४मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना लिऑन शहरात सुरा मारला गेला. मोठी रक्तवाहिनी तुटली होती, ती शिवायचं तंत्र डॉक्टरांकडे नव्हतं. राष्ट्राध्यक्ष गेले. तिथे अलेक्सिस कॅरल नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याच्या मनाने घेतलं की रक्तवाहिनी शिवता आलीच पाहिजे. तो गेला भरतकाम करणाऱ्या मादाम लेरूदिये यांच्याकडे. बारीक सुई, बारीक धागा, टाका कसा घालायचा, हे त्यांच्याकडून शिकला. पुढे १९१२मध्ये त्याला नोबेल पुरस्कार मिळाला. तुम्ही गोधडीला टाके घालता ना, त्याच हातोटीवर आजची सगळी प्रत्यारोपणं उभी आहेत.

दुसरं कुलूप जास्त घट्ट होतं. आपल्या शरीरात राखणदार असतात. काटा रुतला की तिथे पू होतो, ते त्यांचंच काम. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्यांना कळतं. दुसऱ्याची किडनी लावली की ते तिच्यावर तुटून पडतात. म्हणून पहिलं यश मिळालं ते जुळ्या भावांत. २३ डिसेंबर १९५४ला अमेरिकेत बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी त्याच्या जुळ्या भावाला लावली. दोघं अगदी एकसारखे, त्यामुळे शरीराला ती परकी वाटलीच नाही.

पण जुळं भावंड असतं किती जणांना? मग राखणदारांना शांत ठेवणारी औषधं शोधली गेली. सायक्लोस्पोरिन हे त्यातलं मोठं औषध. ते सापडलं नॉर्वेतल्या मातीतल्या एका बुरशीत. १९८३पासून ते अमेरिकेत सर्रास वापरात आलं आणि प्रत्यारोपणं वाढली. मात्र या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि राखणदार झोपले की दुसरे आजार आत शिरतात. म्हणजे अवयव लावला आणि सुटलो, असं कधीच नसतं. ही पहिली मर्यादा लक्षात ठेवा.

आपल्या महाराष्ट्राने यात लवकर पाऊल टाकलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५मध्ये किडनी लावून बघितली. ३ डिसेंबर १९६७ला दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा माणसाचं हृदय माणसाला लावलं. ते हृदय मोटारीने उडवलेल्या एका तरुण मुलीचं होतं आणि तिच्या वडिलांनी ते द्यायला हो म्हटलं होतं. घेणारा माणूस अठरा दिवस जगला. त्यानंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८मध्ये, डॉ. सेन यांनी केईएममध्ये हृदय लावलं. रुग्ण काही तासच जगला. हृदय लावून रुग्ण पुढे वर्षानुवर्षं जगला, असं भारतात पहिल्यांदा घडलं ते ऑगस्ट १९९४मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

हृदय लावायचं म्हटल्यावर एक नवा प्रश्न उभा राहिला. किडन्या दोन असतात, एक जिवंतपणी देता येते. लिव्हरचा तुकडा दिला तर तो पुन्हा वाढतो. हृदय तर एकच. ते द्यायचं म्हणजे देणारा गेलेला हवा आणि हृदय मात्र चालू हवं. असं कसं होईल?

आणि इथेच आमच्या घरातली गोष्ट येते.

माझा मावसभाऊ वाघेरा घाटात मोटरसायकलवरून पडला. डोक्याला मार. हेल्मेट नव्हतं. नाशिकच्या एका दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला एका खोलीत बसवलं आणि सांगितलं, त्याचा मेंदू मृत झाला आहे. मावशी म्हणाली, "छाती हलतेय की! अंग गरम आहे!" डॉक्टरांनी समजावलं, पण बोलणं अर्धं इंग्रजीत होतं आणि आमचे कान तेव्हा बंद होते. मग त्यांनी विचारलं, अवयव द्याल का? काका उठून उभेच राहिले. म्हणाले, "तुम्ही त्याला मारायला बघता." घरातले मोठे म्हणाले, अपुरं अंग घेऊन तो पुढे कसा जाईल? मी बीए शिकलेली, गटाच्या बायकांना पैशांचे नियम समजावणारी. त्या खोलीत मला एक वाक्य बोलता आलं नाही. आम्ही नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी हृदयही थांबलं.

आम्ही चुकलो असं मी म्हणत नाही. त्या क्षणी कुणीही तेच म्हटलं असतं. पण आम्ही काहीच न कळता नाही म्हटलं, ते मला आजही टोचतं. म्हणून तेव्हा जे कळलं नाही, ते आज तुम्हाला सांगते.

आपला श्वास कुणाच्या हुकुमाने चालतो? मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, एक देठासारखा भाग असतो. त्याला मेंदूचा खोड म्हणतात. श्वासाचा हुकूम तिथून सुटतो. हृदयाचं तसं नाही. त्याला स्वतःचा ठेका असतो, प्राणवायू मिळेल तोवर ते धडधडत राहतं. मोठा मार लागून खोड मेलं की श्वास कायमचा थांबतो. पूर्वी मग दहा-पंधरा मिनिटांत हृदयही थांबायचं आणि सगळं एकदमच संपायचं. श्वास देणारं मशीन, व्हेंटिलेटर, आल्यावर फरक पडला. मशीन हवा आत ढकलतं, छाती हलते, हृदय चालतं, अंग गरम राहतं. पण हुकूम देणारा गेलेला असतो. तोडलेली फांदी पाण्यात ठेवली तर दोन दिवस हिरवी दिसते ना, तसं ते.

बेशुद्धी वेगळी आणि हे वेगळं. बेशुद्ध माणूस परत येऊ शकतो. मेलेलं खोड परत येत नाही. १९६८मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या डॉक्टरांनी याच्या खुणा ठरवून दिल्या. आपल्या देशात १९९४मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९९५पासून महाराष्ट्रात तो लागू झाला. त्यात लिहिलं आहे की चार डॉक्टरांनी तपासायचं, एकदा तपासून किमान सहा तासांनी पुन्हा तपासायचं. डोळ्यात उजेड टाकून, कानात गार पाणी सोडून, मशीन बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का ते बघून. दोन्ही वेळा काहीच उत्तर आलं नाही, तरच मृत म्हणायचं. ज्याला अवयव लावायचा आहे, त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर या चौघांत नसतात. आणि घरच्यांची सही झाल्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही.

हे आम्हाला आधी माहीत असतं तर काकांना वाटलं ते वाटलं नसतं. एवढंच.

आता पुढे चला. कावसजीचा राहिलेला हात आठवतो ना? मुंबईत २०१४मध्ये रेल्वेखाली येऊन एका शाळकरी वयाच्या मुलीचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०२०मध्ये मुंबईतच तिला दोन्ही हात लावले गेले. चेन्नईत मेंदू मृत झालेल्या एका तरुणाच्या घरच्यांनी ते दिले होते. त्याआधी पुण्याच्या एका मुलीला केरळमध्ये कोचीला असेच हात मिळाले. तेही एका मुलाचे. हळूहळू त्या हातांचा रंग तिच्या रंगाशी जुळत गेला. सव्वादोनशे वर्षांनी का होईना, दुसरं कुलूपही उघडलं.

आणि पुण्यातली ही गोष्ट तर खास आपल्यासाठी. १८ मे २०१७ला पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी भारतात पहिल्यांदा गर्भपिशवी लावली. आईची पिशवी लेकीला. पुढे १८ ऑक्टोबर २०१८ला तिथेच, अशाच लावलेल्या पिशवीतून गुजरातमधल्या एका बाईला मुलगी झाली. तिलाही तिच्या आईने पिशवी दिली होती. जरा विचार करा, ज्या पिशवीत आई वाढली, त्याच पिशवीत तिची लेक वाढली. आपल्याकडे थोडं काही दुखलं की पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो. आपल्याच शरीराच्या या भागाची किंमत केवढी आहे, हे त्या आईला कळलं होतं. मात्र मूल झालं की ती पिशवी पुन्हा काढावी लागते, कारण त्या औषधांचा मारा जन्मभर सोसायचा नसतो.

मग मावशींचा प्रश्न. नाक झालं, हात झाला, पिशवी झाली. डोकं का नाही?

उत्तर नसांमध्ये आहे. नस म्हणजे निरोप नेणारी तार. हाताची तार तुटून जोडली तर ती हळूहळू वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी. म्हणून लावलेला हात हलायला महिने जातात, पण हलतो. मेंदूच्या आतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या तारा एकदा तुटल्या की अशा वाढत नाहीत. झाडावरून पडून कमरेखाली लुळा पडलेला माणूस आपण पाहिलेला असतो. त्याचे पाय चांगले असतात, निरोप पोहोचत नाही.

डोळ्याचंच घ्या. आपण नेत्रदान म्हणतो, त्यात डोळ्यावरचा काचेसारखा पातळ पडदाच लावतात. त्यासाठी नजरेची तार जोडावी लागत नाही, म्हणून नजर येते. मे २०२३मध्ये न्यूयॉर्कला एका माणसाला अख्खा डोळा लावला. डोळा धरला, त्यात रक्त फिरलं, पण त्याने दिसत नाही. कारण डोळ्यापासून मेंदूपर्यंतची तार जोडता येत नाही.

एका डोळ्याची ही गत. मेंदूत तर सुमारे ८,६०० कोटी पेशी असतात आणि एकेक पेशी हजारो दुसऱ्या पेशींशी जोडलेली. शिवाय रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदू मरायला लागतो. हृदय बाहेर काढून बर्फात चार ते सहा तास टिकतं, लिव्हर बारा तासांपर्यंत, किडनी दिवसभराहून थोडी जास्त. मेंदूला तेवढी उसंतच नसते.

तरी माणसांनी करून बघितलं. १९७०मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट व्हाइट यांनी एका माकडाचं डोकं दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवलं. ते डोळे फिरवून बघत होतं, पण मानेखाली काहीच हलत नव्हतं, आणि थोड्याच दिवसांत ते मेलं. २०१३मध्ये इटलीच्या सर्जिओ कॅनव्हेरो नावाच्या डॉक्टरने माणसाचं डोकं बदलणार म्हणून जाहीर केलं. २०१७मध्ये चीनमध्ये त्यांच्या लोकांनी मेलेल्या देहांवर सराव केला. जिवंत माणसावर आजवर कुणीही केलेलं नाही. मावशींच्या मोबाइलमधलं चित्र खोटं होतं, कॉम्प्युटरवर बनवलेलं.

आणि समजा, उद्या जमलं. तर नवरा कोणता? हा प्रश्न नवा नाही. वेताळ पंचविशीत हाच आहे. देवळात एका बाईचा नवरा आणि भाऊ दोघांची डोकी उडतात. देवी म्हणते, डोकी धडांना लाव, उठतील. घाईत अदलाबदल होते. मग तिचा नवरा कोणता? विक्रम राजा उत्तर देतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा. जुन्या गोष्टीतलं ते उत्तर आजच्या डॉक्टरांनाही पटणारं आहे. आठवण मेंदूत, माया मेंदूत, लेकराचं नाव मेंदूत. म्हणून डोकं बदलत नसतं, धड बदलतं. आणि एका माणसाला अख्खं धड द्यायचं, तर त्याच धडातून जगू शकणारे आठ जण वाऱ्यावर सोडायचे. हृदय, दोन फुप्फुसं, लिव्हर, दोन किडन्या, स्वादुपिंड, आतडं. मोजून बघा.

मेंदूसाठी काहीच आशा नाही असंही नाही. हात थरथरणाऱ्या पार्किन्सनच्या आजारात अख्खा मेंदू न बदलता नव्या पेशी आत सोडून बघतात. स्वीडनमध्ये १९८७पासून हे प्रयत्न चालू आहेत आणि २०१८मध्ये जपानमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी एका रुग्णाला दिल्या. खाचर नवं करायचं नाही, मेलेल्या चार रोपांच्या जागी चार नवी लावायची, असा हा मार्ग आहे.

दुसरी आशा डुकरांची. हसू नका. डुकराचे अवयव मापाला माणसासारखे असतात. आसामच्या डॉ. धनीराम बरुआंनी १९९७मध्ये डुकराचं हृदय माणसाला लावलं होतं. रुग्ण सात दिवस जगला आणि डॉक्टरांना तुरुंगात जावं लागलं. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेत जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय लावलं, तो माणूस दोन महिने जगला. २०२४मध्ये डुकराची किडनी लावली. वाट लांब आहे, पण चालू आहे.

तोवर काय? तोवर माणसानेच माणसाला द्यायचं. आणि इथे आपल्याला हिशेब विचारायचा आहे. आपण गटवाल्या, जमा आणि नावे आपल्याला बरोबर कळतं.

१९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांत अवयव मिळाला २९,६९५ पुरुषांना आणि ६,९४५ बायकांना. म्हणजे पाचांत चार पुरुष. आणि जिवंतपणी किडनी, लिव्हर देणाऱ्यांत मोठी संख्या कुणाची? बायकोची, आईची, बहिणीची. गटात एकीने कायम भरणा करायचा आणि कर्ज दुसऱ्याच्याच नावे निघायचं, असं चालवून घेऊ का आपण?

मायेने द्यायला माझी ना नाही. मी स्वतः माझ्या लेकरासाठी देईन. पण विचारल्याशिवाय, "तुझंच काम आहे" म्हणून कुणी घेत असेल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१४च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची स्वतःची इच्छा आहे का, हे घेणाऱ्याला सोडून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. म्हणजे डॉक्टर एकटीला विचारतील तेव्हा मनातलं सांगा. तिथे नाही म्हणायचा हक्क आहे. आणि कुणी एजंट पाड्यावर येऊन किडनीचे पैसे देतो म्हणाला, तर बळी पडू नका. अवयव विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हे आहेत. पाच ते दहा वर्षं तुरुंग आणि किमान वीस लाख रुपये दंड.

शेवटी आपल्या भागाचं. सगळ्यात मोठी मर्यादा मला शास्त्राची नाही, रस्त्याची वाटते. मेंदू मृत झाल्यावरचं अवयवदान नोंदणी असलेल्या मोठ्या दवाखान्यातच होतं. नाशिकमधले अवयव पुण्याच्या विभागीय केंद्राच्या यादीप्रमाणे दिले जातात. पाड्यावर, घरी माणूस गेला तर हृदय-किडनी देता येत नाही. पण डोळे देता येतात. सहा तासांच्या आत. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि लगेच कळवायचं. कुणाला कळवायचं, तो नंबर आपल्या ग्रामीण रुग्णालयात विचारून गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाशिकहून गाडी यायला दीड-दोन तास लागतात, म्हणून रडणं आवरून कुणीतरी एकीने फोन केला पाहिजे.

अंग अपुरं राहतं का? अवयव काढल्यावर देह नीट शिवून देतात. तोंड बघता येतं, रीतीप्रमाणे सगळं करता येतं. डोळे काढले तरी चेहरा विद्रूप होत नाही.

आणि नुसतं कार्ड काढून भागत नाही. कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांनाच विचारतात. म्हणून आज जेवताना घरी बोला. "माझं असं झालं तर देऊन टाका" किंवा "मला नको", काहीही असो, पण बोला. नाही म्हणायचं तर समजून नाही म्हणा.

मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेले होते. तीच मावशी, जिचा मुलगा गेला. हे सगळं मी तिला सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसंच. ती नागली पाखडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला नाही माहीत. पण माझे डोळे लिहून ठेव."

मी लिहून ठेवले आहेत. पुढच्या बैठकीत वहीचं पहिलं पान आपण मिळून लिहू. येताना हेल्मेट न घालणाऱ्या पोरांनाही घेऊन या, त्यांच्याशी मला वेगळं बोलायचं आहे.